काच, कापूस आणि कुर्ल्यातलं गॅरेज

गेल्या मे महिन्यात माझ्या जुन्या गाडीचा पुढचा बंपर फुटला. गाडीच्या आधीच्या मालकाने हौसेने कंपनीचा बंपर काढून बाजारातला, खाली झुकलेला बंपर बसवला होता. एका स्पीडब्रेकरवर तो घासला आणि डाव्या बाजूला हातभर चीर गेली. वाकून पाहिलं तर चिरेतून पांढरे केस बाहेर आले होते. मी ते बोटाने आत ढकलायला गेलो आणि पुढचे दोन दिवस बोटं खाजवत बसलो.

कुर्ल्याच्या सीएसटी रोडलगतच्या एका गल्लीत माझा एक जुना विद्यार्थी डेंटिंग-पेंटिंगचं गॅरेज चालवतो. मी उर्दू माध्यमाच्या शाळेत मराठी शिकवतो. या मुलाला मी आठवी ते दहावी शिकवलं. दहावीला तो गणित आणि विज्ञानात गेला. निकालाच्या दिवशी त्याचे वडील मला भेटायला आले होते. मी त्यांना म्हणालो होतो, “याला आता कुठल्या तरी गॅरेजात लावा.” सल्ला म्हणून नव्हतो म्हणालो. आता याचं काही होणार नाही, हेच मला सांगायचं होतं. वडिलांनी मात्र ते सल्ला म्हणून घेतलं.

त्याने बंपरवर टिचकी मारली, चीर पाहिली आणि म्हणाला, “सर, हे प्लास्टिक नाही. ही काच आहे.”

मला वाटलं, गंमत करतोय. मग पुढच्या तीन संध्याकाळी मी त्याच्या गॅरेजात स्टुलावर बसून होतो, आणि घरी आल्यावर जे मिळेल ते वाचत होतो. हा लेख त्यातून झाला.

काचेचा कापूस

फायबरग्लास म्हणजे काचेचे धागे आणि त्यांना धरून ठेवणारी राळ, म्हणजे रेझिन. काच वितळवून तिचे धागे ओढता येतात, हे माणसाला फार पूर्वीपासून ठाऊक आहे. प्राचीन इजिप्तमधले कारागीर भांड्यांवर काचेच्या धाग्यांची नक्षी चढवत. १८९३ साली शिकागोच्या जागतिक प्रदर्शनात एडवर्ड लिबी या अमेरिकन काच-कारखानदाराने काचेचे आणि रेशमाचे धागे एकत्र विणून केलेला एक पोशाख मांडला होता. लोकांनी गर्दी केली, पण तो रोज वापरायचा कपडा नव्हता.

खरा बदल १९३२ साली झाला, आणि तोही चुकून. ओहायो राज्यात ओवेन्स-इलिनॉय या काच कंपनीत डेल क्लाइस्ट नावाचा तरुण संशोधक काचेच्या दोन ठोकळ्यांचा सांधा हवाबंद करायच्या खटपटीत होता. वितळलेल्या काचेच्या धारेवर दाबाखालच्या हवेचा झोत बसला आणि काच जोडली जाण्याऐवजी तिचे बारीक धागे उडाले. ज्या गोष्टीला इतर कुणी फजिती म्हटलं असतं, त्यातून काचेची लोकर मोठ्या प्रमाणावर बनवायची रीत निघाली. गेम्स स्लेटर यांच्या देखरेखीखाली ती सुधारत गेली, आणि १९३८ साली ओवेन्स-कॉर्निंग ही स्वतंत्र कंपनी याच मालासाठी उभी राहिली.

गॅरेजात मॅटचा गुंडाळा उलगडलेला पाहिला तेव्हा मला आमच्या घरातली एक जुनी वस्तू आठवली. काचेचे तुटके धागे आडवेतिडवे पसरून दाबलेली ही चादर दिसायला हुबेहूब पिंजलेल्या कापसाच्या थरासारखी असते. माझे आजोबा पिंजारी होते. खांद्यावर कमान टाकून ते गावोगाव फिरत आणि लोकांच्या गाद्या पिंजून देत. कमानीची तात लाकडी ठोकळ्याने छेडली की तिच्या थरथरीने दबलेला कापूस सुटा व्हायचा. आमच्या बिरादरीतले बरेच जण स्वतःला मन्सुरी म्हणवतात, ते मन्सूर हल्लाज यांच्या नावावरून. इ. स. ९२२ मध्ये बगदादला ज्या सुफीला मृत्युदंड झाला, त्यांच्या नावातल्या ‘हल्लाज’ या अरबी शब्दाचा अर्थच मुळी पिंजारी असा आहे. आधी पिंजणयंत्र आलं, मग फोमच्या गाद्या आल्या. आजोबांची कमान माळ्यावर गेली. ती किती लांब होती, तात कशाची होती, कोणत्या कापसाला किती वेळ लागे, हे घरात कुणीच लिहून ठेवलं नाही. वडिलांना विचारलं तर ते म्हणाले, “त्यात लिहायचं काय होतं?”

होडीवाल्यांच्या मोटारी

नुसते काचेचे धागे ओढायला बळकट असतात, पण आकार धरत नाहीत. आकार देते ती राळ. १९३०च्या दशकात अमेरिकेत पॉलिएस्टर रेझिन तयार झालं. दोन भाग मिसळले की ते भट्टीशिवाय, साध्या हवेत घट्ट होतं. दुसऱ्या महायुद्धात विमानांच्या रडारवर बसवायचे घुमट या मालाचे झाले, कारण त्यातून रडारच्या लहरी आरपार जातात. पत्र्यातून जात नाहीत.

युद्ध संपल्यावर हा माल सर्वांत आधी उचलला होड्या बनवणाऱ्यांनी, आणि त्यांच्याकडून तो मोटारींकडे आला. कॅलिफोर्नियातले बिल ट्रिट होड्याच बनवत. १९५०च्या दशकाच्या सुरुवातीला त्यांनी एका मित्राच्या जीपच्या सांगाड्यावर फायबरचं अंग चढवलं. पुढे ‘ग्लासपार जी-२’ या नावाने असं तयार अंग विकायला आलं. घ्यायचं आणि आपल्या जुन्या गाडीच्या सांगाड्यावर आपणच बसवायचं. बाजारातून फायबरचा भाग आणून गाडीवर चढवण्याचा आजचा जो धंदा आहे, त्याची एक पायरी इथे आहे.

मोठ्या कंपनीनेही मग हा मार्ग धरला. ३० जून १९५३ रोजी मिशिगनमधल्या फ्लिंट गावात शेव्हरोलेची पहिली ‘कॉर्व्हेट’ तयार झाली. त्या वर्षी फक्त ३०० गाड्या निघाल्या, सगळ्या पांढऱ्या, आतून लाल. पत्र्याचं अंग करायचं तर पोलादाचे अवजड साचे लागतात. त्यांना खूप पैसा आणि वेळ जातो, आणि हजारोंनी गाड्या विकल्या तरच तो खर्च निघतो. फायबरला हलका साचा पुरतो. मात्र यात एक गोम होती. पत्र्याचा भाग प्रेसखाली येतो तेव्हा प्रत्येक नग सारखा निघतो. फायबरचा भाग माणसाच्या हाताखालून जातो, त्यामुळे दोन नग तंतोतंत सारखे नसतात. सांधे जुळवणं आणि पृष्ठभाग घासून सपाट करणं, यातच सुरुवातीच्या कॉर्व्हेटच्या कारागिरांची बरीच मेहनत गेली.

१९६४ साली ब्रूस मेयर्स या आणखी एका होडीवाल्याने ‘मेयर्स मँक्स’ ही वाळूत पळणारी बग्गी काढली. पुढे तिचं फायबरचं अंग फोक्सवॅगन बीटलचा तळ कापून आखूड करून त्यावर बसवत. ती इतकी आवडली, की इतरांनी तिच्यावरूनच साचे काढून नकला विकायला सुरुवात केली. मेयर्स कोर्टात गेले, पण त्यांचं पेटंट टिकलं नाही.

कापूसही या इतिहासात येतो. १९५७पासून पूर्व जर्मनीत ‘ट्राबांट’ ही छोटी गाडी बनू लागली. देशात पत्र्याची टंचाई होती. म्हणून तिच्या अंगाचे भाग ड्युरोप्लास्टचे केले. त्यात फिनॉलची राळ होती, पण काचेऐवजी होता सोव्हिएत संघातून येणारा टाकाऊ कापूस. सोव्हिएत कापूस म्हणजे मुख्यतः उझबेकिस्तान आणि आसपासच्या मध्य आशियाचा. बुखारा-फरगणाच्या शेतातलं बोंड बर्लिनच्या रस्त्यावर गाडी होऊन फिरत होतं. अशा सुमारे ३० लाख गाड्या निघाल्या. मला हे वाचताना आजोबांची आठवण आली नसती तरच नवल.

आपला ‘बादल’ आणि ‘डॉल्फिन’

भारतातही कारखान्यात फायबरच्या गाड्या झाल्या, हे माझ्या पिढीतल्या अनेकांना आता आठवणार नाही. १९७०च्या दशकात बंगळूरच्या सनराइज ऑटोमोटिव्ह या कंपनीने ‘बादल’ नावाची तीनचाकी मोटार काढली. इंजिन १९८ सीसीचं, स्कूटरला शोभेल असं. त्याच घराण्यातून पुढे सिपानी कंपनी आली. १९८२ साली तिने इंग्लंडच्या रिलायंट किटनवरून ‘डॉल्फिन’ काढली, ८४८ सीसीची, दोन दरवाजांची, अंग फायबरचं. हलकी असल्याने शर्यतीत तिने चांगलं नाव कमावलं. पण डिसेंबर १९८३मध्ये मारुती ८०० आली. चार दरवाजे, पत्र्याचं अंग, सरकारचा हात आणि जपानी तंत्र. डॉल्फिन त्यापुढे टिकली नाही.

कारखान्यातून फायबर गेलं, पण गल्लीत राहिलं. बंपर, स्कर्ट, स्पॉयलर, बॉनेटवरचे उंचवटे, ट्रक-बसच्या कॅबिनचे भाग, रिक्षाचे मागचे डाग झाकणारे तुकडे. १९९०च्या दशकात मुंबईत दिलीप छाब्रियांच्या ‘डीसी’ने गाडीचं रूप पालटण्याला प्रतिष्ठा दिली. कुर्ला-साकीनाक्याच्या गल्ल्यांत तेच काम स्वस्तात, नाव न लावता चालत होतं. हे करणारे बहुतेक हात कुणाचे, हे मी सांगायला नको. सच्चर समितीच्या २००६च्या अहवालाने दाखवलं होतं, की मुसलमान कामगारांत स्वयंरोजगाराचं प्रमाण इतरांपेक्षा जास्त आहे. आकडा वाचताना तो कोरडा वाटतो. गॅरेजात बसलं की त्याला तोंड दिसतं.

बसवण्याची विद्या

माझा बंपर दुरुस्त होण्यापलीकडे गेला होता. विद्यार्थ्याने बाजारातून नवा आणला. मला वाटलं, चार स्क्रू पिळले की झालं. तो म्हणाला, “सर, हा आत्ता फक्त बंपरसारखा दिसतो. बंपर करायला तीन दिवस लागतील.”

पहिल्यांदा त्याने भाग साबणाच्या पाण्याने घासून धुतला, मग थिनरसारख्या द्रवाने पुसला. साच्यातून माल सुटून यावा म्हणून साच्याला मेण लावतात. ते मेण भागावर राहतं. न धुता पेपर मारला तर ते घासून आत बसतं, आणि वरचा रंग काही महिन्यांत पापुद्र्यासारखा सुटतो.

मग रंगाआधी गाडीवर लावून पाहिलं. डाव्या हेडलाइटखाली बोट जाईल एवढी फट, उजवीकडे माल एकमेकांवर चढलेला. मी म्हणालो, “माल खराब दिला.” तो म्हणाला, “माल नकलेची नक्कल आहे.” पॉलिएस्टर रेझिन घट्ट होताना आकसतं. एखाद्याने मूळ भागावरून साचा काढला, त्यातून निघालेल्या भागावरून दुसऱ्याने साचा काढला, त्यावरून तिसऱ्याने. दर वेळी माप थोडं घटतं, कडा थोडी पिळवटते. हे मला लगेच समजलं. जुनी हस्तलिखितं अशीच बिघडतात. एका कातिबाची चूक दुसरा जशीच्या तशी उतरवतो आणि स्वतःची एक वर घालतो. आपल्याकडे हदीससाठी सनद विचारतात, कुणी कुणाकडून ऐकलं याची साखळी. फायबरच्या भागालाही सनद विचारायला हवी.

मग तो दोष काढू लागला. बॉनेट आणि हेडलाइट हलवायचे नाहीत, ते कंपनीचे आहेत. त्यांनाच प्रमाण मानायचं. मधोमध खूण करून बंपर तिथे धरला आणि तिथून दोन्ही बाजूंना गेला. जिथे माल चढत होता तिथे ग्राइंडरने थोडं थोडं कापलं, दर वेळी लावून पाहत. जिथे कडा पिळवटली होती तिथे गरम हवेच्या गनने हलकं तापवून, वळवून, थंड होईपर्यंत शिकंजात धरलं. जिथे माल कमी पडत होता तिथे मागून मॅटचे थर लावून कडा वाढवली. स्क्रूची भोकं जरा मोठी पाडून मागे रुंद वॉशर दिले. फायबर पत्र्यासारखं दबत नाही. जास्त आवळलं की स्क्रूभोवती कोळ्याच्या जाळ्यासारख्या चिरा पडतात.

मग बंपर दोन दिवस उन्हात ठेवला. मला घाई होती. तो ऐकेना. रेझिन वरून घट्ट वाटलं तरी आतून कच्चं असतं. तसंच रंगवलं तर पुढे उन्हात उरलेलं आकसणं पूर्ण होतं आणि रंगाखालून धाग्यांची जाळी उमटते. काळ्या गाडीवर ती लगेच दिसते, कारण काळा रंग जास्त तापतो. पावसाळ्यात हे काम तो शक्यतो घेतच नाही. हवेतल्या दमटपणाने रेझिन नीट मुरत नाही आणि रंगावर पांढुरका धूर बसतो.

तिसऱ्या दिवशी घासकाम. जेलकोटच्या पृष्ठभागावर सुईच्या टोकाएवढी भोकं असतात. आत अडकलेली हवा ती. ती फोडून, पुट्टी भरून, लाकडी ठोकळ्यावर पेपर गुंडाळून तो घासत गेला. आधी १२०चा पेपर, मग २२०, मग प्रायमर आणि शेवटी पाण्याने ४००चा. प्रायमरवर त्याने काळ्या रंगाचा हलका फवारा मारला आणि पुन्हा घासला. जिथे काळं उरलं तो खड्डा, जिथे आधी गेलं तो उंचवटा. शेवटी तो डोळे मिटून हात फिरवायचा. म्हणाला, “नजर फसते, सर. तळहात फसत नाही.”

पूर्वी अमेरिकेतल्या गॅरेजांत गाडीच्या अंगावरचे खड्डे शिसे वितळवून भरत. १९५०च्या दशकात पॉलिएस्टरमध्ये टाल्कची भुकटी मिसळलेली पुट्टी आली आणि ती विद्या मागे पडली. कुठलीही विद्या कायमची नसते. पण आहे तोवर तिला विद्या म्हणावं, एवढं तरी व्हावं.

बाटल्या दोन, तोंड एकच

गॅरेजात एका फळीवर दोन बाटल्या लांब-लांब ठेवलेल्या होत्या. एक हार्डनर, दुसरी कोबाल्ट. आधी कोबाल्ट रेझिनमध्ये पूर्ण ढवळायचं, मगच हार्डनर टाकायचं, वजनाच्या साधारण १ ते २ टक्के. दोन्ही थेट एकमेकांत मिसळले तर स्फोट होऊ शकतो. त्याच्या उस्तादाच्या हातावर भाजल्याचा डाग आहे, तो याच चुकीचा. त्याने हे पुस्तकातून शिकलेलं नाही, त्या डागावरून शिकला.

मी विचारलं, “मास्क का नाही लावत?” त्याने खुंटीला टांगलेला रुमाल दाखवला. घासताना उडणारी काचेची धूळ रुमालाने थांबत नाही. रेझिनला जो उग्र वास येतो तो स्टायरीनचा. २०१८ साली जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने त्याला ‘माणसात बहुधा कर्करोगकारक’ या गटात टाकलं. आजोबांनाही शेवटी दमा होता. कापसाच्या धुळीला घरात कुणी दोष दिला नाही. सगळे म्हणायचे, वय झालं.

आणखी एक काळजी त्याच्या बोलण्यात आली. मोटार वाहन कायद्याच्या कलम ५२प्रमाणे नोंदणीतले तपशील कंपनीच्या मूळ तपशिलांपेक्षा वेगळे होतील असे बदल गाडीत करता येत नाहीत. जानेवारी २०१९मध्ये सर्वोच्च न्यायालयाने हे स्पष्ट केलं. गाडीचा सांगाडा किंवा आकारच बदलणारी कामं त्याने तेव्हापासून सोडली. मोडलेला भाग बदलणं, जुळवणं, रंगवणं एवढंच ठेवलं. कायदा रास्त आहे. रस्त्यावर सगळ्यांचा जीव आहे. पण ज्याच्या हाताला काम आहे आणि कागद नाही, त्याला नियम नेहमी पोलिसाच्या तोंडून कळतो. सरकारच्या कौशल्य योजनेत आधीपासून काम येणाऱ्यांची परीक्षा घेऊन प्रमाणपत्र देण्याची सोय आहे. त्याला ती माहीत नव्हती. मलाही नव्हती, आणि मी शिक्षक आहे.

आपण आपल्या इतिहासाविषयी बोलतो तेव्हा किल्ले, सुलतान, सुफी, शायर यांच्याविषयी बोलतो. बोलायलाच हवं. पण मराठीत फारसी-अरबीतून आलेले शब्द पाहा: कारागीर, कारखाना, मजूर, नमुना, पेच, कलई, दुरुस्ती. दरबाराचे शब्द गेले, हे राहिले. हात चालत राहिले म्हणून ते राहिले. त्या हातांचा इतिहास आपणही लिहीत नाही आणि दुसरे लिहीत नाहीत म्हणून तक्रार मात्र करतो.

गाडी घेऊन निघताना त्याने पैसे घ्यायला आढेवेढे घेतले. मी म्हणालो, “मग मला दुसरं काम सांग.” तो म्हणाला, “दोन शागीर्द आहेत सर, एक बिहारचा, एक परभणीचा. भिंतीवर लावायला लिहून द्या.” मी घरी बसून मोठ्या अक्षरात तक्ता केला, डावीकडे मराठी, उजवीकडे उर्दू. बाटल्यांचा नियम सर्वांत वर, लाल शाईत. त्याखाली मास्क, चष्मा, पूर्ण बाह्यांचा सदरा. मग कामाची क्रमवार यादी. सोबत चार चांगले मास्क नेले.

त्याने तक्ता वाचला, खिशातली पेन्सिल काढली आणि तिसऱ्या ओळीला गोल केला. मी घासणं आधी आणि धुणं नंतर लिहिलं होतं.

“सर,” तो म्हणाला, “हे पुन्हा लिहा.”

मी पुन्हा लिहिलं.